पडद्यावरची वहिवाट

शेताच्या बांधावरून जाणारी वाट वीस वर्षे उघडपणे, अखंडपणे आणि हक्काच्या भावनेने वापरली गेली, तर ती ज्या जमिनीतून जाते ती जमीन दुसऱ्याच्या नावे असूनही त्या वाटेने जाण्याचा अधिकार चालणाऱ्यास प्राप्त होतो, हे तत्त्व १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात नमूद आहे; आणि अशी वाट कोणी कुंपण घालून अडविली, तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने मामलेदाराकडे, म्हणजे आजच्या तहसीलदाराकडे, सोपविलेला आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याची मालकी हे कायदे नाकारीत नाहीत. दीर्घ वापराने जी वाट माणसाच्या पायांना पाठ झाली आणि जिच्या भरवशावर त्याने आपल्या दिवसाचा क्रम बसविला, ती एखाद्या सकाळी केवळ मालकाच्या मर्जीने नाहीशी होऊ नये, एवढाच त्यांचा आशय. संगणकाच्या पडद्यावर मात्र, जेथे आज लक्षावधी कारकून, लेखापाल, पत्रकार, वकील, शिक्षक आणि विद्यार्थी आपल्या जागेपणाचा मोठा भाग घालवितात, असा वहिवाटीचा हक्क कोणालाही नाही, आणि तो नाही याची खंतही फारशी कोणास वाटत नाही. ही खंत वाटली पाहिजे, असे माझे मत आहे.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज ९५ ही प्रणाली प्रसृत केली, तेव्हा ‘स्टार्ट’चे बटण आणि उघडलेल्या खिडक्यांची नावे ओळीने मांडणारी टास्कबार ही पट्टी बहुसंख्य लोकांनी प्रथमच पाहिली. ती पडद्याच्या तळाशी असे. परंतु माऊसने धरून ती डाव्या, उजव्या किंवा वरच्या कडेला नेऊन ठेवण्याची मुभा पहिल्या दिवसापासून होती आणि पुढील प्रत्येक आवृत्तीत ती अबाधित राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ प्रसृत झाली ती ही मुभा वगळून. २६ वर्षांची वहिवाट एका आवृत्तीने बंद केली, आणि ज्यांचे हात त्या वाटेने जात होते त्यांना दाद मागण्यासाठी कोणतीही कचेरी उपलब्ध नव्हती.

पट्टी तळाशी असो की बाजूला, त्याने असे काय बिघडते, असा प्रश्न ज्यांना पडत असेल त्यांनी आपल्या पडद्याची मापे एकदा पाहावीत. आपल्याकडील मध्यम किमतीच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षे १३६६ बिंदू रुंद आणि ७६८ बिंदू उंच असाच पडदा येत राहिला. चित्रपटासाठी हे प्रमाण उत्तम आहे. पण अर्ज, पत्र, निकालपत्र, लेख, प्रबंधाचे प्रकरण हे सारे ज्या कागदावर अखेर उतरते तो कागद उभा असतो, आणि त्याच्यासाठी या पडद्यावर उंची अपुरी व रुंदी प्रमाणाबाहेर, अशी स्थिती असते. त्या ७६८ बिंदूंतून खिडकीचे शीर्षक, आज्ञांच्या रांगा आणि खालची पृष्ठसंख्या यांचा हिस्सा वजा जातो. त्यातच टास्कबार तळाशी असली तर विंडोज १० मध्ये ४० आणि विंडोज ११ मध्ये ४८ बिंदू आणखी कमी होतात. तीच पट्टी डाव्या कडेला उभी केली तर जी रुंदी एरवी रिकामीच राहते तिच्यातून तिची जागा निघते आणि मजकुराच्या एकदोन ओळी अधिक दिसू लागतात. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही एकदोन ओळींची वाढ क्षुल्लक नसते, कारण आधीच्या वाक्याचा शेवट डोळ्यांपुढे आहे की तो पाहण्यासाठी पान सरकवावे लागते, यावर विचाराची सलगता अवलंबून असते. मी स्वतः लेखनाचे काम करतो आणि माझी पट्टी डावीकडे असते. परंतु हिशेबाचे आडवे तक्ते भरणाऱ्या माणसाला तीच रचना अडचणीची होईल, आणि त्याने ती तळाशीच ठेवावी. कोणती जागा श्रेष्ठ हा येथे वादाचा मुद्दा नाही. ती जागा ठरविण्याचा अधिकार ज्याच्या डोळ्यांना आणि मनगटाला तिचा परिणाम भोगावा लागतो त्याच्याकडे असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

या विषयाला एक जुना आणि उदात्त असा पूर्वेतिहास आहे, आणि तो आपल्या वाचकांपुढे क्वचितच येतो. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने सुमारे दीड तासाचे एक प्रात्यक्षिक दाखविले. माऊस, पडद्यावरील मजकुराचे संपादन, दूरच्या सहकाऱ्याशी एकाच दस्तऐवजावर काम करणे या गोष्टी जगाने तेथे प्रथम पाहिल्या. उजव्या हातात माऊस आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा एक लहानसा कळसंच, अशी त्याची मांडणी होती. पियानोवरील स्वरसंघाप्रमाणे अनेक कळा एकत्र दाबून त्यावर अक्षरे उमटवावी लागत, आणि ते शिकण्यास परिश्रम पडत. एंगेलबार्टला त्या परिश्रमाचा संकोच नव्हता. यंत्राने माणसाची बुद्धी वाढवावी, आणि त्यासाठी माणसानेही आपले कौशल्य वाढवीत न्यावे, अशी त्याची श्रद्धा होती. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो हे यंत्र तयार झाले आणि १९८१ साली झेरॉक्स स्टार बाजारात आले; पडद्यावर कागद, फायली, कपाट आणि टपालाचा ट्रे यांची चित्रे मांडून पडद्यालाच कचेरीतील टेबलाचे रूप देण्याची आज रूढ झालेली कल्पना त्या यंत्राने व्यापारात आणली. ज्याने संगणक कधी पाहिला नाही त्यालाही पहिल्या दिवसापासून काम करता यावे हा तिचा हेतू होता, आणि तो हेतू स्तुत्यच होता. पहिला दिवस सर्वांनाच येतो आणि त्या दिवशी हात धरणारे कोणी असावे लागते. परंतु कामाचे दिवस पहिल्या दिवसानंतर हजारोंनी येतात, आणि नवख्याच्या सोयीसाठी जी रचना केली तीच निष्णाताच्या गळ्यात कायमची बांधणे हा न्याय होत नाही. एंगेलबार्टची आणि स्टारची दृष्टी एकमेकींस पूरक आहेत. व्यापाराने मात्र दुसरी उचलली आणि पहिली हळूहळू विस्मृतीत जाऊ दिली.

त्याच संशोधन केंद्रात १९८६ साली ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी ‘रूम्स’ नावाची एक योजना मांडली, आणि या विषयावर मी जे काही वाचले आहे त्यात ती मला सर्वांत मोलाची वाटते. माणूस पडद्यावर अनेक खिडक्या उघडतो खरा, पण एका कामाच्या ओघात तो त्यांपैकी थोड्याच खिडक्यांकडे पुनःपुन्हा वळतो आणि काम पालटले की त्याचा हा समूहही पालटतो, असे निरीक्षण त्या दोघांनी केले. आणि म्हणून प्रत्येक कामासाठी पडद्याची निराळी दालने असावीत व माणसाने एका दालनातून दुसऱ्यात जावे, अशी सोय त्यांनी घडविली. युनिक्सच्या जगात ही कल्पना लवकर रुजली. विंडोजच्या वापरणाऱ्यांच्या हाती ती प्रणालीचा भाग म्हणून २०१५ साली, विंडोज १० बरोबर, आली. आज ती बहुतेकांच्या संगणकात आहे, आणि तरीही तिचा उपयोग करणारे मला फार थोडे भेटतात. माझ्या यंत्रावर लेखनाचे एक दालन आहे, ज्यात मजकुराच्या खिडकीखेरीज काहीही नसते. मोल्सवर्थचा शब्दकोश आणि मराठी विश्वकोश यांचे दुसरे आहे. पत्रव्यवहाराचे तिसरे, आणि तेथील सूचनांचे आवाज मी बंद ठेवलेले आहेत. शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी दुसऱ्या दालनात गेलेला मी वाटेत कोणाचे पत्र आले आहे हे पाहत नाही, कारण ते माझ्या वाटेवर नाही. लक्ष विचलित होण्याबद्दल आपण हल्ली पुष्कळ बोलतो आणि तो दोष स्वभावावर टाकून मोकळे होतो. त्यातील बराच भाग मांडणीचा असतो, आणि मांडणी बदलणे स्वभाव बदलण्याइतके कठीण नाही.

हाताला पाठ झालेल्या गोष्टी मनाला पाठ झालेल्या गोष्टींपेक्षा निराळ्या असतात. १९५४ साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने हाताच्या हालचालींवर प्रयोग करून असे दाखविले की, लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. दूरचे आणि लहान लक्ष्य उशिरा गाठले जाते, जवळचे आणि मोठे लवकर. पडद्याच्या कडेला असलेले बटण या हिशेबात फार मोठे ठरते, कारण माऊसचा बाण कडेपाशी आपोआप थांबतो आणि हाताला नेम धरावा लागत नाही. ज्याने वर्षानुवर्षे आपले बटण एका कोपऱ्यात ठेवले त्याचा हात तेथे न पाहता जातो, आणि त्या वेळी त्याचे मन वाक्यातच राहते. ते बटण कोपऱ्यातून काढून पट्टीच्या मध्यभागी आणले, म्हणजे दिसण्यात फार थोडा फरक पडतो आणि हाताचे संचित मात्र निरुपयोगी होते. मग काही आठवडे, वयस्क माणसाच्या बाबतीत काही महिनेही, प्रत्येक वेळी डोळ्यांनी शोधून, मनाने ठरवून आणि नेम धरून तेथे जावे लागते. विंडोज ११ ने हेच केले. डावीकडे आणण्याचा पर्याय तिने सेटिंगमध्ये ठेवला हे तिच्या श्रेयात नोंदविले पाहिजे. त्यापूर्वी २०१२ च्या विंडोज ८ ने तर स्टार्टचे बटणच काढून टाकले होते. लोकांच्या असंतोषामुळे पुढच्याच वर्षी ते ८.१ मध्ये परत आले आणि त्या बटणातून उघडणारी जुनी यादी २०१५ साली नव्या रूपात परतली. मधल्या काळात ज्या कोट्यवधी हातांनी जुने विसरून नवे शिकण्याचे श्रम केले, त्या श्रमांची नोंद कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात झाली नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही असे प्रसंग येतात. पण तेथे त्यांचा शेवट निराळा होतो. लिनक्सवर पडद्याची मांडणी पुरविणारा ग्नोम हा प्रकल्प १९९७ साली मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोघा मेक्सिकन तरुणांनी सुरू केला, आणि त्याची दुसरी मालिका जगभरच्या कचेऱ्यांत व विद्यापीठांत स्थिरावली. एप्रिल २०११ मध्ये तिसरी मालिका आली आणि तिने खालची खिडक्यांची यादी काढली, खिडकी खाली ठेवण्याचे बटण काढले, आणि कामाची सारी रीतच पालटली. खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने तिच्यावर जाहीर टीका केली आणि तो काही काळ एक्सएफसीई या साध्या मांडणीकडे वळला. पण या प्रकरणातील महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ग्नोमच्या दुसऱ्या मालिकेची संहिता घेऊन ‘माते’ या नावाने तिचे जतन आरंभिले. लिनक्स मिंटच्या मंडळींनी तिसऱ्या मालिकेचीच संहिता हाती घेऊन तिच्यावर ‘सिनॅमन’ ही जुन्या वळणाची मांडणी उभी केली. दोन्ही आजतागायत चालू आहेत. संहिता सर्वांस खुली असावी, तिच्यात फेरफार करण्याचा आणि तो फेरफार इतरांस देण्याचा अधिकार असावा, या परवान्याच्या अटीमुळेच हे शक्य झाले. ज्यांना नवे आवडले ते नव्याकडे गेले, ज्यांची वाट जुनी होती त्यांनी ती चालू ठेवली, आणि कोणास दुसऱ्याच्या दारी याचना करावी लागली नाही. पैसे देऊन घेतलेल्या प्रणालीत मात्र वापरणाऱ्याला त्रयस्थांनी लिहिलेल्या छोट्या आज्ञावलींवर भिस्त ठेवावी लागते, आणि पुढचे अद्ययावतीकरण आले की त्या चालतील की नाही याची शाश्वती नसते.

आपल्या मराठी जगातील याहून मोठा प्रश्न कळफलकाचा आहे. गोदरेजचे पहिले टंकलेखन यंत्र १९५५ साली निघाले, आणि पुढील काही दशकांत जिल्ह्याजिल्ह्यांतील, तालुक्यातालुक्यांतील टंकलेखन वर्गांनी मराठी टंकलेखकांच्या पिढ्या घडविल्या; मिनिटाला मराठी ३० शब्दांची परीक्षा उत्तीर्ण होणे ही आजही लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीची पायरी आहे. रेमिंग्टनच्या वळणाच्या त्या यंत्रावर अक्षर जसे दिसते त्या क्रमाने कळा दाबल्या जात, म्हणून ‘कि’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग क. संगणकासाठी राष्ट्रीय मानक म्हणून ठरलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर उच्चाराचा क्रम आहे: आधी क, मग वेलांटी, स्वर डाव्या हाताखाली, व्यंजने उजव्या हाताखाली. इन्स्क्रिप्टची रचना शास्त्रशुद्ध आहे, भारतातील निरनिराळ्या लिप्यांना ती एकच ठेवलेली आहे, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने तीच शिकावी असे मला निःसंशय वाटते. परंतु ज्या माणसाची बोटे ३० वर्षे वेलांटी आधी उमटवीत आली, त्याला निवृत्तीला चार वर्षे उरली असताना नवा क्रम शिकण्याची सक्ती करणे हे त्याच्या कसबाचा अवमान करण्यासारखे आहे, विशेषतः जुन्या क्रमाने कळा दाबूनही युनिकोडमध्येच मजकूर उतरविणारे कळफलक उपलब्ध असताना. त्यापलीकडे मराठीच्या स्वतःच्या गरजा आहेत. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’, ‘वाऱ्यावर’ यांतील र आपल्या लेखनात पावलोपावली येतो. इन्स्क्रिप्टवर शिफ्टसह र-ची कळ दाबून मग हलन्त दिला की तो मिळतो, हे ज्याला कोणी सांगितले नाही तो वर्षानुवर्षे रफार देऊन चुकीचे लिहीत राहतो. तसेच देठाचा श आणि पाकळीचा ल ही मराठी वळणे २००९ च्या शासननिर्णयाने प्रमाण मानली. ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी अशी नोंदविली की ही वळणे आपोआप उमटतात. हे सारे सेटिंगच्या दोनचार पायऱ्यांवर आहे. आपल्याकडील बहुतेक संगणक मात्र दुकानातून जसे आले तसेच, इंग्रजीच्या मांडणीत, आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत वर्षे काढतात.

आणि ज्यांच्या बाबतीत हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही, त्यांचाही विचार झाला पाहिजे. एका हाताने काम करणाऱ्या माणसाला शिफ्ट आणि दुसरी कळ एकत्र दाबता येत नाही. त्याच्यासाठी कळा एकामागून एक दाबण्याची सोय विंडोज ९५ पासून प्रणालीतच आहे. डावखुऱ्याला माऊसची बटणे उलटी करता येतात. ज्याची दृष्टी अधू झाली त्याला अक्षर, बाण आणि रंगांची तफावत वाढविता येते. साठी ओलांडलेल्या कितीतरी सुशिक्षित माणसांनी ‘आता आम्हांला हे यंत्र झेपत नाही’ म्हणून संगणक सोडलेला मी पाहिला आहे, आणि त्यांपैकी अनेकांना यंत्र झेपत होते, फक्त अक्षर लहान होते. अक्षर मोठे करता येते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

कचेऱ्यांच्या बाजूने जे आक्षेप घेतले जातात ते मी दुर्लक्षणीय मानीत नाही. एकाच यंत्रावर दोन पाळ्यांत दोन माणसे बसतात. बिघाड झाला तर दुरुस्तीला येणाऱ्यास प्रत्येक पडदा ओळखीचा असावा लागतो. आणि कर्मचाऱ्याने वाटेल ती आज्ञावली आणून बसविली तर दप्तराच्या सुरक्षिततेस धोका पोहोचतो. यांतील शेवटचा आक्षेप सर्वस्वी ग्राह्य आहे; पण बाहेरची आज्ञावली बसविणे आणि प्रणालीतीलच सोयी आपल्या कामाप्रमाणे लावून घेणे या दोन भिन्न गोष्टी असून, पहिलीला मज्जाव करताना दुसरीचेही दार लावून घेण्याची जी सरसकट पद्धत पडली आहे तिला सुरक्षिततेचा आधार नाही. पाळीच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येकाचे स्वतंत्र खाते हा उपाय प्रणालीतच आहे, आणि दुरुस्तीला येणाऱ्याला स्वतःच्या खात्यातून यंत्रात प्रवेश करता येतो. मांडणीच्या नादात कामच मागे पडते, हा आणखी एक आक्षेप. रंग, चित्रे आणि हलणाऱ्या शोभेच्या वस्तू यांत दिवस घालविणाऱ्यांना तो लागू आहे, हे मान्य केले पाहिजे. मांडणी कामातून निघावी. आठवडाभर काम करीत असताना आपला हात कोठे वारंवार जातो, कोणती क्रिया दिवसातून अनेकदा करावी लागते, कोणत्या खिडक्या नेहमी जोडीने लागतात, हे पाहावे आणि मग एका वेळी एकच फेरफार करावा. तो हाताला रुळला तर ठेवावा, न रुळला तर मागे घ्यावा.

या संदर्भात शासनाला करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींना खर्च नगण्य आहे. पहिली शिक्षणातील. एम.एस.सी.आय.टी.सारख्या अभ्यासक्रमांतून आणि शाळांतील संगणकाच्या तासाला सेटिंगचे पान हा पहिल्या आठवड्याचा पाठ असावा, म्हणजे विद्यार्थी पत्राचा नमुना शिकण्यापूर्वी अक्षराचा आकार, कळफलक आणि भाषा ठरवायला शिकेल. दुसरी प्रशासनातील. लिपिकाची गडहिंग्लजहून कराडला बदली होते तेव्हा त्याचे सेवापुस्तक त्याच्यामागे जाते; त्याने घडविलेली संगणकाची मांडणी, त्याचा कळफलक, त्याची अक्षरे आणि त्याच्या खिडक्या मात्र मागे राहतात व तेथे नव्याने येणाऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत. कर्मचाऱ्याचे खाते यंत्राशी न बांधता जाळ्यातील मध्यवर्ती संगणकावर ठेवावे, म्हणजे तो ज्या यंत्रापुढे बसेल तेथे त्याची मांडणी त्याच्यासमोर येईल, ही सोय विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये अनेक वर्षांपासून आहे. यंत्रखरेदीच्या निविदेत तेवढी एक अट घालावी आणि बदलीच्या आदेशाबरोबर खातेही नव्या कार्यालयाकडे वर्ग करावे, असे परिपत्रक सामान्य प्रशासन विभागाने काढले तर त्यासाठी नवी आज्ञावली विकत घ्यावी लागणार नाही.